लसूणघास टिकवायचा कसा?

(दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



हिरव्या चाऱ्यावर बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. चाऱ्याची पिके पुष्कळ आहेत. मका आहे, कडवळ आहे, बाजरी आहे, संकरित नेपिअरचे यशवंत, जयवंत असे वाण आहेत. या सगळ्यांवर तासाभरात बोलायचे म्हटले तर बियाण्याचे आणि खताचे आकडे तेवढे आपल्या वहीत उतरतील, आणि ते आकडे कृषी दैनंदिनीत छापलेलेच असतात. म्हणून मी आज एकच पीक घेतले आहे, लसूणघास. त्यातही एकच प्रश्न घेतला आहे. हा घास बहुवर्षायू आहे. नीट राखला तर तीन वर्षे सहज चालतो. मग आपल्यापैकी बऱ्याच जणांचा घास दुसऱ्या उन्हाळ्यातच विरळ का होतो? त्यात हरळी का माजते, आणि शेवटी वैतागून नांगर का घालावा लागतो?

कारणे विचारली की कोणी बियाण्याला दोष देतो, कोणी पाण्याला, कोणी जमिनीला. ती कारणे असतातही. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्याकडचा बहुतेक घास विळ्याने मरतो. तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या उंचीवर कापला जातो. हे पटण्यासाठी आधी घास वाढतो कसा, हे पाहिले पाहिजे.

नाव लसूणघास असले तरी लसणाशी त्याचे नाते नाही. हे मेथीच्या जवळचे द्विदल पीक आहे. पाने मेथीसारखीच तीन-तीन दलांची, फुले जांभळी. बी फार बारीक असते. एका किलोत साधारण साडेचार ते पाच लाख बिया भरतात. एवढ्याशा बियात साठा तो किती असणार? म्हणून ते एक-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की वर येतच नाही. ज्यांनी ढेकळे तशीच ठेवून घास पेरला, त्यांचे निम्मे बियाणे तिथेच वाया गेले असे समजावे. जमीन भुसभुशीत हवी, पण पेरणीआधी थोडी दाबून बसलेली हवी.

उगवण झाल्यावर वर फारसे काही दिसत नाही आणि शेतकरी अधीर होतो. या काळात रोप खाली काम करीत असते. सोटमूळ सरळ खोल उतरते. खोल आणि निचऱ्याच्या जमिनीत ते पुढे दोन-तीन मीटरपर्यंत जाते. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. दलपत्रांच्या खालचा खोडाचा भाग आखडतो आणि रोपाचा बुडखा हळूहळू जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली ओढून घेतो. याच बुडख्यावर पुढच्या सगळ्या कापण्यांचे डोळे तयार होतात. म्हणून पहिली कापणी पेरणीपासून ५५ ते ६० दिवसांच्या आत करू नये. चाळिसाव्या दिवशी वीतभर घास दिसला म्हणून विळा लावला, की बुडखा अजून तयार झालेला नसतो आणि मूळ बारीकच राहते. ते रोप जगले तरी कायमचे दुबळे होते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही घास कापला की पाने गेली. पाने गेली म्हणजे झाडाची चूल विझली. मग नवे फुटवे कशावर वाढतात? मुळात साठवलेल्या अन्नावर. सोटमुळात आणि बुडख्यात पिष्ट पदार्थ साठलेले असतात, नत्रयुक्त पदार्थही साठलेले असतात. कापणीनंतर साधारण पहिले दहा-पंधरा दिवस झाड या साठ्यातून खर्च करते. त्या काळात मुळातला साठा रोज कमी होत जातो. फुटवे वीतभर झाले, पुरेशी पाने आली, की पाने स्वतःचे भागवून उरलेले खाली पाठवू लागतात. तिथून साठा पुन्हा भरायला लागतो आणि पीक फुलावर येते त्या सुमाराला तो बराचसा भरून निघतो.

हा हिशेब बँकेच्या खात्यासारखा आहे. आधी पैसे निघतात, मग भरणा होतो. आपण विसाव्या दिवशी घास कापतो तेव्हा भरणा नुकताच सुरू झालेला असतो. पुढच्या वेळी झाड कमी शिलकेवर फुटते, फुटवे कमी येतात, बारीक येतात. असे तीन-चार वेळा ओळीने झाले की शिल्लक संपते आणि रोप मरते. ते एकदम मरत नाही, म्हणून आपल्याला कारण कळत नाही. मरतुक दिसते एप्रिल-मेमध्ये आणि दोष उन्हाला दिला जातो. उन्हाळ्यात उष्णतेमुळे झाडाचा स्वतःचा खर्चही वाढलेला असतो, त्यामुळे आधीच रिकामे झालेले मूळ तिथे टिकत नाही, एवढेच. नुकसान मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच झालेले असते.

तर मग कापावा केव्हा? पहिल्या कापणीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी, हे सर्वसाधारण अंतर. पण दिवस मोजण्यापेक्षा पीक पाहावे. शंभर ताटांपैकी दहा ताटांवर फूल दिसले की कापणीला आला. त्याआधी कापला तर मूळ रिकामे राहते. त्यानंतर फार थांबलात तर ताटे जून होतात, खालची पाने गळतात, आणि घासाची सगळी किंमत पानात असते. पानात प्रथिने ताटाच्या दुपटीहून जास्त असतात. दहा टक्के फुलावर कापलेल्या घासाच्या सुक्या वजनात साधारण १८ ते २० टक्के प्रथिने मिळतात. ज्वारीच्या कडब्यात ती तीन-चार टक्के असतात, यावरून फरक लक्षात घ्यावा.

थंडीत फुले उशिरा येतात किंवा नीट येतच नाहीत. त्या वेळी वाकून बुडख्याकडे पाहावे. बुडख्यातून नवे कोंब निघून बोटाच्या दोन पेरांएवढे झाले, की झाड स्वतःच सांगते की मी पुढच्या फेरीला तयार आहे. त्यावर आठवडाभर थांबलात तर हे कोंब वाढून विळ्याच्या धारेत येतात आणि जुन्या ताटाबरोबर पुढच्या कापणीचे शेंडेही तुम्ही गोठ्यात नेता. म्हणजे उशीरही परवडत नाही.

आता उंची. इथे उसाची सवय आड येते. खोडवा राखायचा तर उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावेत, असे आम्हीच तुम्हाला सांगत आलो आहोत, आणि ते बरोबर आहे, कारण उसाचे डोळे जमिनीखाली असतात. घासाचे तसे नाही. त्याचे डोळे बुडख्यावर, अगदी जमिनीच्या तोंडाशी असतात, आणि काही डोळे ताटाच्या खालच्या पेरांवरही असतात. जमीन खरवडून कापणी केली की दोन्ही जातात. म्हणून जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटे सोडून कापावा. विळा धारदार असावा. बोथट विळ्याने ताट ओढले जाते आणि बुडखा हलतो, फाटतो. त्याच कारणाने घासात जनावरे सोडू नयेत. शेळी तर कोंबच खुडते.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज या वर्गात समोर बसलेल्यांत पुरुष मंडळी जास्त आहेत. घरी घास कापतो कोण? बहुतेक घरांत आई, पत्नी, सून. कोणत्या साऱ्यात विळा लावायचा आणि किती बोटे सोडायची, हे रोज सकाळी तीच ठरवते, आणि प्रशिक्षणाचे बोलावणे मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला जाते. आज ज्या भगिनी आल्या आहेत त्यांनी पुढे येऊन बसावे. आणि जे बंधू एकटे आले आहेत त्यांनी घरी गेल्यावर तीन बोटांची गोष्ट तेवढी बांधावर उभे राहून दाखवावी. तोंडी सांगू नये, ती काप घेऊन दाखवावी.

मघाशी एकाने विचारले, "साहेब, गोठ्यात रोज चारा लागतो. फूल येईपर्यंत थांबायचे तर गाईने काय खायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर वाफ्यांच्या आखणीत आहे. समजा तुमच्याकडे दोन-तीन दुभत्या गाई आहेत आणि घास दहा गुंठे आहे. दहा गुंठ्यांचे सारखे २८ भाग पाडावेत. प्रत्येक भाग साधारण ३६ चौरस मीटरचा होईल. लांबट सारे पाडले असतील तर सरळ काठ्या रोवून खुणा कराव्यात. रोज एकच भाग कापायचा. अठ्ठाविसावा भाग कापून झाला की पहिला पुन्हा तयार. चांगल्या व्यवस्थापनाखाली वर्षाला हेक्टरी १,००० क्विंटल हिरवा चारा धरला, तर दहा गुंठ्यांत १०० क्विंटल म्हणजे रोजचे सरासरी २७ किलो होतात. दोन-तीन गाईंना प्रत्येकी आठ-दहा किलो घास त्यातून मिळतो.

सरासरी शब्द मुद्दाम वापरला. थंडी सरून ऊन वाढायला लागते तेव्हा घास जोरात असतो आणि रोजचा भाग उरतो. ऐन पावसाळ्यात तो कमी पडतो. उरला तर पुढचा भाग आधी कापू नये, आणि कमी पडला म्हणून आजच्या दिवशी दोन भाग कापू नयेत. दोन भाग कापायची सवय लागली की २८ दिवसांची फेरी १४ दिवसांवर येते. घास मरण्याची सुरुवात नेमकी इथून होते. दुष्काळी साल असले, शेजारी सगळीकडे चारा संपला, की हातातल्या हिरव्यागार घासावर हात थांबत नाही, हे मला कळते. अशा वेळी तूट भरायला दुसरे काही जवळ हवे. बांधाच्या कडेने किंवा पाटाच्या बाजूने जयवंतची एक-दोन ओळ ठेवावी, पाच-सात गुंठे मका किंवा कडवळ करावे. मात्र कडवळ कोवळे असताना, विशेषतः पाण्याचा ताण पडलेले, जनावराला घालू नये. त्यात विषारी घटक असतो, फुलोऱ्यावर आल्यावरच ते कापावे.

आणखी एक हिशेब सांगतो. घासाने पोट भरायचे नसते. पोट भरायला कडबा आहे, मका आहे. घास त्यात प्रथिने आणि कॅल्शियमची भर घालतो. ज्या गोठ्यात नुसता घास घातला जातो तिथे चाराही वाया जातो आणि पोटफुगीचा धोका असतो तो वेगळाच. कोवळ्या घासातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांमुळे पोटात फेस धरतो, वायू त्या फेसात अडकतो आणि गाईला ढेकर देता येत नाही. डावी कूस टम्म फुगते. वेळेत इलाज झाला नाही तर तासा-दोन तासांत जनावर दगावते. फुलापूर्वीच्या कोवळ्या घासात हा धोका जास्त असतो, म्हणजे लवकर कापणे मुळालाही वाईट आणि गाईलाही. दव पडलेला, भिजलेला घास तसाच घालू नये. कापून काही तास सुकू द्यावा. उपाशी गाईपुढे आधी कडब्याची कुट्टी टाकावी, मग घास. किंवा दोन्ही मिसळून द्यावे. पोट फुगलेच तर लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. तोपर्यंत प्रौढ गाईला पाव लिटर गोडेतेल सावकाश पाजता येते, त्याने फेस मोडतो. मान उंच ओढून घाईने पाजू नये, तेल फुप्फुसात जाते.

खतांबद्दल थोडक्यात. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ३० सेंटिमीटर अंतरावर ओळीत करावी. हेक्टरी २५ किलो म्हणजे दहा गुंठ्यांना अडीच किलो बी पुरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा बहुवर्षायू वाण आपल्याकडे चांगला चालतो. हेक्टरी १५ किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश पेरणीच्या वेळी द्यावे. दहा गुंठ्यांच्या भाषेत सांगायचे तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या जवळजवळ दोन गोण्या, युरिया सव्वातीन किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश साडेसहा-सात किलो. स्फुरदाच्या मानाने नत्र किती कमी, हे पाहून काही जण आकडा चुकला असे समजतात. तो चुकलेला नाही. घासाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र घेतात. एखादे रोप हलक्या हाताने उपटून गाठ फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे.

या गाठींचे जिवाणू मेथीच्या आणि घासाच्या मुळांवर एकच चालतात. भुईमुगाचे किंवा हरभऱ्याचे चालत नाहीत. म्हणून जिवाणू खत घेताना पाकिटावर लसूणघासाचे नाव आहे का, ते पाहावे. दुकानदाराने दुसरे पाकीट दिले तर परत करावे. प्रत्येक कापणीनंतर युरिया फेकण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. युरियाने दोन दिवस हिरवेपणा दिसतो, पण गाठी आळशी होतात आणि खरा फायदा हरळीला होतो. दर चार कापण्यांनंतर स्फुरद आणि थोडे नत्र द्यावे, तेवढे पुरे. दर कापणीबरोबर रानातून पालाशही भरपूर जातो. काळ्या रानात तो लवकर जाणवत नाही, हलक्या रानात पानांच्या कडेने पांढुरके ठिपके दिसू लागतात. माती तपासून मग काय ते ठरवावे.

पाणी हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी, जमिनीप्रमाणे मागेपुढे. कापल्या-कापल्या भर उन्हात वाफा तुडुंब भरू नये. ताज्या कापावर गरम पाणी साचले की बुडखे कुजतात. खुरपणी करून एक-दोन दिवसांनी, संध्याकाळी पाणी द्यावे. पावसाळा हा घासाचा सगळ्यात वाईट काळ. काळ्या रानात पाणी तुंबले की मुळे गुदमरतात. उतार पाहून चर आधीच, मृगापूर्वी काढून ठेवावेत. चिखलात शिरून कापणी करू नये, वाफसा येऊ द्यावा. मावा आला तर औषधाचा पंप उचलण्यापूर्वी विचार करावा, कारण ते औषध दुधात उतरू शकते. कापणी जवळ आली असेल तर दोन-चार दिवस आधी कापून टाकणे हा साधा उपाय आहे. एवढी एकच सवलत मी विळ्याला देतो.

अमरवेलीबद्दल मात्र दया-माया नको. पिवळे दोरे दिसले की तेवढ्यापुरते ओढून चालत नाही. तुटलेला तुकडा पुन्हा चिकटतो. त्या जागेच्या भोवती हातभर जास्तीचा घास जमिनीलगत कापून, वाळवून जाळावा, आणि हे वेलीला फूल येण्यापूर्वी करावे. एकदा बी पडले की ते जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. ही पीडा बहुधा बियाण्यातूनच येते. बाजारातले सुटे बी घेऊ नये. अमरवेलीचे बी घासाच्या बियापेक्षा लहान आणि खडबडीत असते, बारीक चाळणीने बरेच वेगळे होते. तरी प्रमाणित बियाण्याला पर्याय नाही.

शेवटी जुन्या घासाविषयी. घास विरळ झाला की मोकळ्या जागी पुन्हा घासाचे बी टाकतात. पैसे वाया घालवू नका. जुन्या घासातून जमिनीत असे पदार्थ उतरतात, की घासाचेच नवे रोप तिथे नीट वाढत नाही. बी उगवते, पण मूळ आखूड राहते आणि रोप खुरटते. पहिल्या वर्षातच, पहिल्या काही आठवड्यांत, राहिलेल्या खांडण्या भरता येतात, नंतर नाही. विरळ झालेल्या भागात मका किंवा गवतवर्गीय चारा घालून ते साल काढावे.

मोडायचा केव्हा, हे ठरवताना रोपे मोजू नका. वय वाढले की रोपे कमी होतातच, पण निरोगी रोप जास्त फुटवे देऊन जागा भरते. म्हणून फुटवे मोजा. रानात तीन-चार ठिकाणी एक-एक चौरस फूट जागा घ्यावी. कापणीनंतर आठ-दहा दिवसांनी मोजणी करावी आणि दर सहा महिन्यांनी आकडा वहीत लिहावा. मुळे उभी चिरून पाहावीत. आतून पांढरी आणि घट्ट असतील तर घासाला आणखी वर्ष द्यावे, तपकिरी आणि पोकळ असतील तर मोडावा. मोडल्यावर त्या रानात निदान वर्षभर घास नको. मका, ज्वारी किंवा ऊस घ्यावा. मुळांतला नत्र त्या पिकाला मिळतो, म्हणून त्याला पहिल्या हंगामात नत्र कमी लागते. आणि नवा घास दुसऱ्या रानात ऑक्टोबरमध्ये पेरून त्याची पहिली कापणी हाती आल्यावरच जुना मोडावा, म्हणजे मधले दोन महिने गोठा कोरड्या चाऱ्यावर राहणार नाही.